जातीचा पाणवठा आणि उसाचं पाणी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. या व्याख्यानमालेत दरवर्षी एक दिवस पर्यावरणाला आणि एक दिवस सामाजिक न्यायाला दिलेला असतो. आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, 'बाई, तुमचं नाव कोणत्या दिवशी टाकू?' मला पटकन सांगता आलं नाही. मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. दसऱ्यानंतर माझ्या वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायची. त्यांच्या नावापुढे हजेरीपटावर ओळीनं गैरहजेरी लागायची. ती मुलं का गेली? पाऊस नाही म्हणून, असं म्हटलं तर हा पर्यावरणाचा प्रश्न झाला. घरात जमीन नाही म्हणून, असं म्हटलं तर तो न्यायाचा झाला. दोन्ही उत्तरं खरी होती, आणि मूल तर एकच होतं.

म्हणून आज मी पाण्यावरच बोलणार आहे. हे दोन प्रश्न महाराष्ट्रात सगळ्यात आधी पाणवठ्यावर भेटले.

जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे आपण शाळेत शिकवतो. याच जोतीरावांनी १८८३च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात डोंगरउतारावरची माती पावसानं वाहून जाते हे दुखणं आहे, ताली-बंधारे घालून पाणी जिरवा अशी मागणी आहे, आणि सरकारच्या जंगल खात्यानं गावची गायरानं घशात घातली याचा संताप आहे. हौद आपण धड्यात घेतला आणि ताली-बंधारे सोडून दिले. ज्या माणसाला जात दिसत होती, त्यालाच वाहून जाणारी मातीही दिसत होती. त्याच्यासाठी हे दोन विषय नव्हते. शेतकरी आणि शूद्रातिशूद्र यांच्या ताटात जे पडत नव्हतं, त्याची कारणं तो शोधत होता, आणि शोधता शोधता एकीकडे भटशाहीपर्यंत गेला आणि दुसरीकडे उघड्या पडलेल्या डोंगरापर्यंत.

महाडचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. तरी एक तपशील सांगते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्ष ओंजळ पाण्याला लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्या दिवशी लोकांची डोकी फुटली. मग तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. ज्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, ते तळं माणसाच्या ओंजळीनं बाटलं. न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला १९३७ साल लागलं. पाणी गढूळ कशानं होतं, याची समाजाची व्याख्या शास्त्राच्या व्याख्येपेक्षा वेगळी होती आणि कितीतरी अधिक बळकट होती. आज आपण नदीच्या प्रदूषणावर बोलतो तेव्हा मला हे आठवतं.

महाडच्या त्या दिवसानंतर पंचेचाळीस वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ आला. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना रेशनवरची मिलो ज्वारी आठवत असेल, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आठवत असेल, खडी फोडलेले हात आठवत असतील. त्याच काळात डॉ. बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ सुरू केली. गावोगाव फिरून ते विचारत होते, तुमच्या गावात दलितांना कोणत्या विहिरीवर पाणी भरू देतात? दुष्काळात गावची विहीर आटली की सवर्ण वस्तीला लांब जावं लागायचं. दलित वस्तीला मात्र आडाजवळ उभं राहून कुणीतरी वरून पाणी वाढेल याची वाट बघावी लागायची. पाऊस दोघांवर सारखाच कमी पडला होता. तहान मात्र सारखी नव्हती.

त्याच दुष्काळानं रोजगार हमी दिली. वि. स. पागे यांची ती कल्पना, कायदा १९७७चा. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, म्हणजे मुंबईच्या पगारातून आमच्याकडच्या पाझर तलावाची मजुरी निघाली. मजुरानं कामाची मागणी करायची आणि सरकारनं ते द्यायचं, हा हक्काचा विचार होता. आणि कामं कोणती, तर पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती. मोर्चे काढणाऱ्या बायांनी आपल्या हक्कासाठी महाराष्ट्राची माती अडवली. पर्यावरण हा शब्दही त्यांच्या घोषणांत नव्हता.

पण इथेच मला अडखळायला होतं.

पाझर तलाव बांधला कुणी? भूमिहीन बायांनी. पाणी पाझरलं कुठे? खालच्या अंगाला ज्याची विहीर होती त्याच्या विहिरीत. ज्याची जमीन त्याचंच तिच्याखालचं पाणी, ही १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासूनची समजूत आपण आजही पाळतो. पाणी जमिनीला चिकटलेलं आणि जमीन जातीला चिकटलेली. अशा गावात तुम्ही पाणी वाढवलंत, तर ते आधीच्याच वाटेनं वाहतं. मी श्रमदानाला गेलेली आहे. पहाटे घमेली उचलली आहेत, मुलांना नेलं आहे. पाणी जिरवायला उतारावर खणलेल्या त्या सलग समतल चरांवर माझंही मन बसलं होतं. एका वर्षी चांगला पाऊस झाला, शिवारात पाणी दिसलं, आम्ही सगळे हरखून गेलो. त्याच हिवाळ्यात, चर खणणारी जी कुटुंबं भूमिहीन होती ती नेहमीसारखी तोडणीला गेली, आणि वर आलेल्या पाण्यावर खालच्या रानात ऊस लागला. पाणलोटाचं काम करू नका असं मी म्हणत नाही. पण आधी पाणी वाढवू, वाटपाचं नंतर बघू, हे ज्यांना आज सुचतं त्यांच्याशी माझं भांडण आहे. पाणी आल्यावर ते सोडायला कुणी तयार होत नाही. वाटपाचा करार घमेलं उचलण्याआधी व्हायला हवा.

आणि हे शक्य नाही असं कुणी सांगू नये, कारण ते झालेलं आहे.

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिचे नियम मी वर्गात मुलांना गणितासारखे शिकवायचे. पाणी जमिनीच्या एकरावर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. खर्चाचा काही भाग लाभधारकांनी स्वतः घालायचा. आणि ऊस लावायचा नाही. आता बघा, यातला कोणता नियम पर्यावरणाचा आणि कोणता न्यायाचा? उसाला बंदी हा पर्यावरणाचा नियम वाटतो, पण ती नसती तर माणशी वाटप दोन वर्षंही टिकलं नसतं. माणशी वाटप हा न्यायाचा नियम वाटतो, पण त्यामुळेच तर उपशाला मर्यादा आली. एक काढला की दुसरा पडतो.

दुसरी गोष्ट सांगली जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातली, आणि ती मला अधिक जवळची आहे. १९८२ साली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. महिने गेले, संप मिटेना. कामगार गावी परतले. गावात दुष्काळ. ही माणसं युनियनमध्ये वाढलेली, त्यांना सभा घेता येत होती, प्रश्न विचारता येत होते. दुष्काळ का पडतो, हा प्रश्न त्यांनी गिरणीतल्या पगारवाढीसारखा हातात घेतला. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर तिच्यात होते. शोध घेताना येरळा नदीपाशी लक्ष गेलं. ठेकेदार नदीतली वाळू ट्रकांनी उपसून नेत होते. वाळू गेली की नदी पाणी धरत नाही आणि काठच्या विहिरी खाली जातात. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी ठरवलं की बेसुमार उपसा थांबवायचा, थोडी वाळू आपण विकायची आणि त्या पैशातून आपलं धरण बांधायचं. शासनाशी झगडावं लागलं, बाहेरून विद्यार्थी श्रमदानाला आले, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. पाणी कुटुंबागणिक समान, भूमिहीन कुटुंबालाही. स्वतःची जमीन नसलेल्यानं आपल्या वाट्याचं पाणी घेऊन दुसऱ्याच्या रानात वाट्यानं पिकवावं, एवढा बारीक विचार त्यात होता.

मी ते धरण पाहायला गेले तेव्हा, खरं सांगते, ते मला लहान वाटलं. मोठ्या धरणांची सवय झालेल्या डोळ्यांना ते लहानच दिसणार. नंतर काठावर बसून विचार केला. गिरणीतून हाकलला गेलेला कामगार, आटलेली नदी, भूमिहीन शेजारी, ही तिन्ही दुःखं एका भिंतीत बसली होती. त्यांची एकजूट व्यासपीठावर हात उंचावून झाली नव्हती. वाळूचा हिशेब मांडताना झाली होती.

आता उसाकडे येते, कारण आपण मराठवाड्यात बसलो आहोत.

राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा थोडका आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून जास्त भाग तो पितो. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि ते साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या शहराला आणावं लागलं. आमच्या डोंगरातली माणसं पाण्यावाचून घर सोडतात आणि सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडायला जातात. हे अनेकांनी सांगितलेलं आहे. मला त्याच्या पुढचं सांगायचं आहे.

तोडणीला 'कोयता' जातो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर, हिशेब टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. बाई पहाटे तीनला उठते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते. ती ज्या फडात उभी असते त्या उसाला पाटानं पाणी आलेलं असतं, पण तिच्या कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, अंघोळीला आडोसा नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही. मग जंतुसंसर्ग, मग दुखणं, मग खाडा, मग डॉक्टर, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाक. २०१९ साली शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. साधारण सहाजणींमागे एक. माझ्या विद्यार्थिनींच्या आया त्यात होत्या. पुढे काही विद्यार्थिनीही.

हा आरोग्याचा प्रश्न म्हणून आरोग्य खात्याकडे गेला, मजुरीचा कामगार खात्याकडे, मुलांचा आमच्या शिक्षण खात्याकडे, पिकाचा कृषी खात्याकडे, पाण्याचा जलसंपदाकडे. प्रत्येकानं आपला तुकडा नीट तपासला असेल. ती बाई कोणत्याच टेबलावर अख्खी पोचली नाही.

एक अवघड गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणजे ते एकमेकांचे मित्रच आहेत, असं नाही. गायरानाचं उदाहरण घ्या. मराठवाड्यात दलितांनी पिढ्यानपिढ्या गायरानं कसून खाल्ली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, १९६४चा तर देशभर गाजला. पुढे १९९१ साली शासनानं १४ एप्रिल १९९०पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला. आता पर्यावरणाच्या बाजूनं कुणी म्हणेल, गायरान हे गवताचं रान आहे, ते नांगरू नका. धनगर म्हणेल, माझी मेंढरं कुठे चरायची? अलीकडे तिसरा दावेदार आला आहे, सौरऊर्जा. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून शासकीय जमिनींवर, त्यांत गायरानंही आली, सौर प्रकल्प उभे राहत आहेत. वीज स्वच्छ आहे, शेतकऱ्याला ती हवीच आहे. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याची कसती जमीन कागदावर मोकळीच दिसते.

आमच्या वस्तीतली तरुण पोरं मला म्हणतात, बाई, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. मी त्यांच्यावर रागावत नाही. त्यांच्या दारात पर्यावरण आलं ते चराईबंदीचं, कुऱ्हाडबंदीचं, नोटिशीचं रूप घेऊन. शेळी ज्याची एकमेव मिळकत आहे त्याला चराईबंदीची किंमत जास्त पडते, आणि उगवलेल्या गवताचा लिलाव दुसरा घेतो. गवतातला वाटा आधी त्याला द्या, मग बंदीबद्दल बोला. तो तुमच्याआधी राखण करील. आणि त्या पोरांना मी हेही सांगते की बाबांनो, विहीर आटली की पहिला घोट तुमचाच जातो. बोअर सातशे फुटांवर गेलं की ते पाडण्याची ऐपत तुमच्या वस्तीत कुणाची आहे?

शेवटी एक कामाची गोष्ट, जी मला निवृत्त झाल्यावर उमगली. ग्रामसभा वर्षातून चार ठरलेल्या दिवशी घेतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. पाण्याचा ताळेबंद मांडणारी गावं तो पावसाळा सरल्यावर मांडतात. रब्बीला किती, प्यायला किती, कोणतं पीक घ्यायचं, हे ठरतं ते दिवाळीच्या आसपास किंवा नंतर. टँकरचा, चाऱ्याचा, गायरानाचा विषय निघतो तो २६ जानेवारीला. त्या वेळी आमच्या डोंगरातला अर्धा गाव फडात असतो. भूमिहीन कुणीच सभेत नसतो, म्हणून ठराव एकमतानं होतात.

तेव्हा इथे जे सरपंच, सदस्य, ग्रामसेवक बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. यंदाचा ताळेबंद २ ऑक्टोबरच्या सभेत मांडा. तोडणीच्या टोळ्या तेव्हा गावातच असतात. आदल्या दिवशी दवंडी वस्तीतही द्या, आणि बायकांची सभा आधी घ्या, संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळेला नको. मी माझ्या गावात दोन वर्षं प्रयत्न केला. पहिल्या वर्षी वस्तीतल्या चारजणी आल्या आणि भिंतीला टेकून गप्प बसल्या. दुसऱ्या वर्षी अकरा आल्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, 'तलावातलं पाणी मोजलं म्हणता, तर त्यातले आमचे हंडे किती ते सांगा.' ते कुणीच मोजलेलं नव्हतं. यंदा मोजायचं ठरलं आहे.