एका खाटेभोवतीचे दोन वर्ग

खाटेभोवती उभ्या असलेल्या या विद्यार्थ्यांपैकी निम्मे वैद्यकीय शाखेचे आहेत, ते पुढे औषधाची ऑर्डर लिहिणार आहेत; आणि निम्मे नर्सिंगचे, ते औषध प्रत्यक्ष रुग्णाला देणार आहेत. रुग्ण एकच असला, तरी त्याच्याशी कसे वागावे याचे, म्हणजे वैद्यकीय नीतीचे, शिक्षण हे दोन गट बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या वर्गांत आणि वेगवेगळ्या पुस्तकांतून घेतात. इथे ते एकत्र शिकत आहेत.

आज चर्चेला घेतलेला प्रसंग वरवर साधा आहे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही झाली आहे, कागद फाइलला लागला आहे, आणि रात्री उशिरा रुग्ण ड्यूटीवरच्या नर्सला विचारतो, “उद्या माझं नेमकं काय काढणार आहेत?” वैद्यकीय विद्यार्थ्याच्या मते संमती घेतलेली असल्यामुळे प्रश्न मिटलेला आहे. नर्सिंगची विद्यार्थिनी त्याला तिथेच अडवते: सही झाली, पण रुग्णाला समजले कुठे? शस्त्रक्रिया समजावून सांगणे हे सर्जनचे काम असल्यामुळे नर्सला परस्पर उत्तर देता येत नाही, आणि प्रश्न ऐकल्यावर गप्पही राहता येत नाही. इतक्या रात्री फोन करावा का, केला तर पहिले वाक्य कोणते असावे, आणि पलीकडून “सकाळी बघू” असे तुटक उत्तर आले तर पुढे काय, यातच जवळजवळ सगळा तास जातो. आणि तो तसाच जायला हवा.

कारण तत्त्वे दोन्ही गटांना पाठ असतात. ब्यूचँप आणि चिल्ड्रेस या नीतीच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलेली चौकट, म्हणजे स्वायत्तता, हित, अपाय टाळणे आणि न्याय, कोणीही परीक्षेत बिनचूक लिहील. अडते ते प्रत्यक्ष बोलण्याच्या वेळी. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांच्या प्रयोगात एका अनोळखी ‘डॉक्टर’ने वॉर्डातल्या नर्सना फोनवरून एका औषधाचे २० मिलिग्रॅम द्यायला सांगितले, बाटलीवर कमाल मात्रा १० मिलिग्रॅम अशी स्पष्ट छापलेली होती आणि फोनवरची ऑर्डर नियमात बसतही नव्हती. तरीही २२ पैकी २१ नर्स औषध द्यायला निघाल्या, आणि त्यांना वाटेत थांबवण्यात आले. हाच प्रसंग २१ नर्सिंग विद्यार्थिनींना नुसता सांगितला, तेव्हा आपण औषध देणार नाही, असे त्या सगळ्या जणींनी म्हटले होते. या आकड्यांवरून केवळ नर्सना दोष देणे सोपे आहे, पण अपुरे; डॉक्टरांच्या आवाजाला हा अधिकार कुठून येतो, हा प्रश्न वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर ठेवल्याशिवाय अर्धी बाजू कोरीच राहते.

योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या बंधनांमुळे तसे वागता येत नाही, या कोंडीला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश म्हटले. नर्सिंगचे विद्यार्थी ही कोंडी मांडू लागतात, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी ती बहुधा पहिल्यांदाच ऐकत असतात.

मात्र दोन तुकड्या एका सभागृहात बसवून एकच व्याख्यान दिले, तर फारसे काही साधत नाही. वेगवेगळ्या आरोग्य-व्यवसायांच्या एकत्रित शिक्षणाविषयीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आराखड्यात एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकण्यावर भर आहे, आणि त्यासाठी लहान, मिश्र गट लागतात. दोन अभ्यासक्रमांची वेळापत्रके जुळवणे हे काम कंटाळवाणे असते, आणि कित्येक चांगले बेत तिथेच बारगळतात. शिकवायलाही दोघे हवेत, एक डॉक्टर आणि एक नर्स, आणि विद्यार्थ्यांसमोर त्यांचे मतभेद व्हायला हरकत नाही. नर्स-शिक्षिकेकडे केवळ हजेरी घेण्याचे काम उरले, तर विद्यार्थी त्यातून जे शिकायचे ते शिकतातच.

आता परीक्षा. तोच रात्रीचा फोन, पण भूमिका उलट: वैद्यकीय विद्यार्थी नर्स आहे आणि नर्सिंगची विद्यार्थिनी सर्जन. गुण दोघांनाही आहेत. फोन करणाऱ्याला आपली शंका स्पष्ट मांडण्याचे, आणि फोन घेणारीला ती शंका पुरती ऐकून घेऊन मगच उत्तर देण्याचे.