पाण्याच्या रेघा

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतल्या या घराच्या भिंतीवर, पुराचे पाणी जिथवर चढले तिथे, लाल तैलरंगाने आडव्या रेघा ओढलेल्या आहेत. खालच्या दोन १९८९ आणि २००५च्या. वर, वाशांच्या जवळ, एकमेकींना खेटून असलेल्या २०१९ आणि २०२१च्या. घरातल्या आजी प्रत्येक रेघेची हकिकत न अडखळता सांगतात. त्यात 'हवामान बदल' हा शब्द मात्र एकदाही येत नाही. "पाणी आलं, पाणी उतरलं," एवढेच त्या म्हणतात.

१९८९च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळी येथे जागा मिळाल्या. तिथे घरे उभी राहिली, तरी गाव काही सुटले नाही, कारण शेत, गोठा, ग्रामदैवत आणि नद्यांचा संगम सारे इथेच आहे. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही.

हे नृसिंहवाडीचे दत्त मंदिर. कृष्णा-पंचगंगेचे पाणी वाढते, उत्तरेच्या दाराने आत शिरते, दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविकांची रीघ लागते. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार सोहळा, ओसरताना होतो तो उतरता. आम्ही पोहोचलो तेव्हा चढता होऊन गेला होता. पडद्यावर दिसतो आहे तो उतरता. ज्या पाण्याला पिढ्यानपिढ्या हात जोडले, त्याच पाण्याकडे संकट म्हणून पाहायला सांगणारा माणूस इथे आधी परका ठरतो, आणि त्याची आकडेवारी त्यानंतर ऐकली जाते.

कोल्हापूरला आकड्यांचे वावडे नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असते. पण पूर का आला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: कृष्णेवरचे, कर्नाटकातले अलमट्टी धरण. राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०१९च्या पुराचा मुख्य दोष त्या धरणाला न देता अतिवृष्टीकडे आणि नदीकाठच्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले, तरी चावडीवरचा राग तसूभरही हलला नाही. यात कोल्हापूर वेगळे नाही. येल विद्यापीठाचे डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिकेतील लोकांचा अभ्यास केला, तेव्हा विज्ञानाची जाण वाढल्याने हवामान बदलाविषयीचे मतभेद मिटण्याऐवजी आपापल्या मूल्यांनुसार अधिकच रुंदावलेले दिसले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. इथे २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी महामार्ग बंद पडला, ऊस पाण्याखाली कुजला.

चिखलीच्या आजींना आम्ही तिप्पट झालेल्या अतिवृष्टीच्या घटनांचे सांगितले, तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग पाणी पूर्वीपेक्षा लवकर चढते का, एवढेच विचारले. त्यावर त्या उठून गोठ्याकडे गेल्या आणि दावणीचा खुंटा दाखवत म्हणाल्या, "आधी म्हशी हलवायला दिवस मिळायचा. आता रात्रीच सोडाव्या लागतात."

ही सोनतळीची वाट. पहाटेचे चार वाजले आहेत, आणि पुढे म्हशी आहेत.