तांब्यावरचं नाव

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी माझी नऊ वर्षांची नात एक वाक्य बोलून गेली, ते काही केल्या मनातून जात नाहीये.

शेजारचे अमेरिकन आजोबा पितळी तांब्या कागदात गुंडाळत होते. तरुणपणी पीस कोअरचे, म्हणजे परदेशात सेवेला माणसं पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचे, स्वयंसेवक म्हणून ते दोन वर्षं आपल्याकडच्या एका खेड्यात राहिले. निघताना तिथल्या शेजारणीनं दिलेला हा तांब्या आता त्यांना स्वयंसेवकांच्या संग्रहालयाला द्यायचाय. नातीनं तो हातात घेऊन फिरवला नि म्हणाली, "आजी, हा यांचा नाहीच. यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे."

खरंच होतं. काठाखाली, ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं. आपल्या आयांच्या भांड्यांवर असायचं तसंच.

पीस कोअर १९६१ साली सुरू झाली आणि त्याच वर्षी पहिली तुकडी भारतात पोचली. १९७६ पर्यंत हे लोक येत राहिले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर, त्यांच्या आई लिलियन तर अडुसष्टाव्या वर्षी नर्स म्हणून विक्रोळीत आल्या होत्या! तेव्हा विशीत असलेली मुलं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. घर आवरताना त्यांच्या वस्तू भंगारात जायला एक दुपार पुरते.

आणि आपण? दर गणपतीत आजोबांना बोलावतो, मोदक वाढतो, "अय्या, किती छान मराठी बोलता!" म्हणतो नि पुढच्या पानाकडे वळतो. तुम्ही तिथं कुणाकडे जेवायचात, आजारी पडलात तेव्हा उशाशी कोण बसलं, हे आपल्यापैकी एकानंही विचारलेलं नाही. मीही नाही. त्यांच्याकडे पत्रांचा डबा आहे, बरीचशी मराठीत. त्यांच्या मुलांना ती वाचता येत नाहीत. आपल्याला येतात. दर शनिवारी दोघं-तिघं त्यांच्याकडे जाऊन बसूया, पत्रं वाचूया, ते सांगतील ते रेकॉर्ड करूया. आजच नावं द्या.

कारण संग्रहालयाला आजोबांची गोष्ट मिळेल, पण तांब्या देणारीची? नातीचं वाक्य मला तिथंच आणून सोडतं. मी भिंग घेऊन बसले होते. सुरुवातीचं 'सौ.' लागतं, आडनावाचं शेवटचं 'कर' लागतं. मधली अक्षरं राखेनं घासून घासून गेली आहेत. आजोबांनाही नाव आठवत नाही, सगळे तिला काकीच म्हणायचे. फॉर्मवर 'कुणी दिला' असा एक रकाना आहे. तो अजून कोराच आहे.