नवतप्यातलं स्वयंपाकघर

[दृश्य : नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराची गच्ची. सकाळ.]

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले तापलेले नऊ दिवस, सुरू आहे. पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळतोय आणि सकाळी आठलाच गच्चीची फरशी पायाला चटका देते. जुन्या लुगड्यावर गहू पसरलाय, शेजारी तूरडाळ, कडेला कुरडया आणि मुगवड्या. खाली स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी झालीय. डबे घासून पालथे घातलेत.

दिवाळीत घर झाडलं-पुसलं जातं. पण नागपुरातलं स्वयंपाकघर खऱ्या अर्थानं लावायचं ते या दिवसांत. जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि ठणठणीत कोरडी हवा एकाएकी ओली होते. धान्य तो ओलावा ओढून घेतं, आणि ओलावलेल्या धान्यात कीड झपाट्यानं वाढते.

[दृश्य : चाळणीतला गहू, अगदी जवळून.]

सोंडा, म्हणजे धान्यातला सोंडेचा किडा, बाहेरून डब्यात शिरतो, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो इतवारीच्या किंवा कळमन्याच्या बाजारातून पोत्यासोबतच घरी आलेला असतो. मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. उबदार हवेत महिनाभरात किडा बाहेर येतो. म्हणून मे महिन्यात स्वच्छ दिसलेला गहू जुलैत किडतो, आणि आपण डब्याच्या झाकणाला दोष देतो.

कडक ऊन दाण्यातला ओलावा काढतं. गव्हाला आणि डाळीला ते मानवतं. तांदळाला नाही, भर उन्हात तांदळाचा दाणा तडकतो आणि भाताची कणी होते. भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ म्हणूनच घरात पंख्याखाली पसरलाय.

सून गव्हाचं घमेलं उचलून खाली आणते, कोठीचं झाकण उघडते. सासूबाई आतून हाक देतात, “थांब वं, अजून गरम आहे तो.”

ही हाक फार मोलाची आहे. गरम धान्य कोठीत भरलं की झाकणाला आतून घाम सुटतो आणि दिवसभराचं वाळवणं वाया जातं. रात्रभर सावलीत गार होऊ द्यावं, मग भरावं. डाळीला एरंडेलाचा हात आणि पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला; पाला जरा जरी ओलसर असेल तर नकोच. आणि जुन्या उरलेल्या धान्यावर नवं कधीही ओतायचं नाही. जुनं काढून घ्यायचं, कोठी कोरडी करायची, नवं खाली, जुनं वेगळ्या डब्यात हाताशी.

[दृश्य : मनीषनगरकडचा एक फ्लॅट. ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर.]

इथे गच्ची सामायिक आहे, जागा कमी आहे. आणि बैठकीच्या खिडकीत कूलर आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही, पण त्याची हवा ओली असते. ती थेट स्वयंपाकघरात येत असेल तर त्या वाऱ्याच्या वाटेतलं कपाट पापडाला, रव्याला, पोह्यांना देऊ नये. तिथे भांडी ठेवावीत.

गॅसच्या वरचं कपाट मसाल्यांसाठी सोयीचं दिसतं. तिथे वाफ आणि उष्णता दोन्ही पोचतात, मसाल्याचा वास उडतो, हळद-तिखटाचे खडे होतात. रोजच्या वापराचा मसाल्याचा डबा ओट्याजवळ असू द्या, बाकीचा साठा दूर, अंधारात. भिवापुरी मिरचीचं तिखट काचेच्या बरणीत उजेडात ठेवलं तर त्याचा रंग उतरतो. सावजी रश्श्याच्या वाटणासाठी भाजलेलं खोबरं आणि जवसाची पूड दोन्ही तेलकट. उन्हाळ्यात लवकर खवट होतात. जवस अख्खा ठेवावा आणि लागेल तेवढाच भाजून कुटावा.

सिंकखालच्या कपाटात खायचं काहीच नको. कांदे-बटाटेसुद्धा नकोत.

आता उंचीचं बघा. फल्ली (शेंगदाणा) तेलाचा पिपा, कुकर, कणकेचा डबा हे कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेले नाहीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना रोज वाकायला लावणारी रचना कितीही देखणी असली तरी वाईटच. सगळ्यात चांगली फळी, छातीच्या उंचीची, घरात जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिच्या हातानं ठरवावी. सुताराच्या नाही.

एकसारख्या बरण्या आधी विकत आणायच्या आणि मग त्यांत काय मावेल ते पाहायचं, हा क्रम उलटा आहे. आधी महिन्याला काय किती लागतं ते मोजा. घरातले स्टीलचे जुने डबे बहुतेक पुरतात. त्यांच्यावर नाव आणि भरल्याचा महिना लिहिलेली पट्टी चिकटवली की झालं.

[दृश्य : पुन्हा महाल. ऑक्टोबर, दुपार.]

पाऊस ओसरला की कोठ्या एकदा उघडाव्या लागतात. आधी अख्खे मूग, चवळी आणि हरभरा. दाण्यांवर पांढरे ठिपके दिसले तर ती भुंगेऱ्यांची अंडी. तो डबा लगेच इतर कडधान्यांपासून वेगळा काढायचा, दाणे निवडायचे, चांगले उरतील त्यांना दोन दिवस ऊन द्यायचं आणि तेच आधी संपवायचे.