जनरल झॅरॉफचा पाहुणचार

श्रोतेहो, नमस्कार.

शिकारकथा म्हटली की आपल्याला आधी जिम कॉर्बेट आठवतो. १९०७ साली त्यानं चंपावतची वाघीण मारली. तिनं ४३६ माणसं मारल्याची नोंद कॉर्बेटनं केली आहे. ती मेल्यावर तिचा जबडा पाहिला, तर उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे मोडलेले. जुन्या गोळीचा घाव. नेहमीची शिकार साधेना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटचं म्हणणं. ती गोळी कुणी झाडली होती, कोण जाणे!

ही झाली खरी हकिगत. आज बोलायचंय ते मात्र एका कल्पित कथेबद्दल. रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची 'द मोस्ट डेंजरस गेम', १९२४ सालची.

रेन्सफर्ड हा नावाजलेला शिकारी ॲमेझॉनच्या खोऱ्यात जॅग्वार मारायला निघालाय. बोटीवर त्याचा मित्र म्हणतो, त्या जनावरालाही भीती वाटत असेल रे. रेन्सफर्ड ते हसण्यावारी नेतो. जगात दोनच जाती, मारणारे आणि मारले जाणारे. सुदैवानं आपण पहिल्या जातीतले, असं त्याचं साधं गणित. त्याच रात्री तो बोटीवरून पडतो आणि पोहत एका बेटावर पोचतो. तिथं जनरल झॅरॉफ हा रशियन कोसॅक उमराव राहतो.

या जनरलचं आदरातिथ्य बघा. उंची कपडे, उत्तम जेवण, उत्तम मद्य. पाहुण्याचं शिकारीवरचं पुस्तकही त्यानं वाचलेलं. मग बोलता बोलता तो सांगतो, की जनावरं मारून मारून कंटाळा आला. त्यांना डोकं नसतं. म्हणून आता मी माणसांची शिकार करतो. बेटाजवळ दिवे लावून जहाजांना चकवायचं, खडकावर फोडायचं, वाचलेल्या खलाशांना खाऊपिऊ घालून धट्टंकट्टं करायचं. मग हातात एक सुरा, तीन तासांची आघाडी, तीन दिवसांची मुदत. निसटला तर सुटला. अजून कुणी सुटलेलं नाही.

मला या कथेत बंदुकीपेक्षा हे नियम भयंकर वाटतात. भुकेल्या वाघाला नियम लागत नाहीत. झॅरॉफला लागतात, कारण आपण खुनी नसून खिलाडू आहोत, असं त्याला स्वतःला पटवायचं असतं. रात्री हा गृहस्थ मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाचं तत्त्वचिंतन वाचत पडतो!

आणि तो मारतो कुणाला? मालवाहू बोटींवरच्या खलाशांना. त्यांची यादी करताना तो पहिलं नाव घेतो लस्करांचं. गोऱ्यांच्या जहाजांवर राबणाऱ्या हिंदी खलाशांना तेव्हा लस्कर म्हणत. रत्नागिरीकडची कितीतरी माणसं त्यांत होती. असल्या वीस जणांपेक्षा एक जातिवंत घोडा मोलाचा, असं तो जेवता जेवता बोलून जातो. म्हणजे आधी माणसांची प्रतवारी लावायची, मग खालच्या प्रतीवर बंदूक रोखायची. रेन्सफर्डचं बोटीवरचं गणित यापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. फक्त त्याच्या हिशेबात माणसं धरलेली नव्हती.

पुढं झॅरॉफ पाहुण्यालाच सावज करतो, आणि ती पळापळ कॉनेल झकास रंगवतो. रेन्सफर्ड खड्डा खणून त्यात टोकदार खुंट रोवतो, तेव्हा त्याला फ्रान्समध्ये खणलेला खंदक आठवतो. महायुद्ध संपून सहाच वर्षं झाली होती आणि कॉनेल स्वतः त्या युद्धात जाऊन आलेला. झॅरॉफही युद्धाचा दाखला देऊनच पाहुण्याला विचारतो, की तुम्हाला एवढा धक्का का बसावा? रेन्सफर्डचं उत्तर मला तरी तोकडं वाटतं.

शेवटी रेन्सफर्ड जिंकतो, झॅरॉफच्याच शयनगृहात. इतक्या छान बिछान्यावर आपण कधी झोपलो नव्हतो, असं त्याला वाटतं, आणि कथा संपते. वाचक टाळ्या वाजवायच्या बेतात असतो. पण जेवणाच्या टेबलावर जनरलनं आणखी एक गोष्ट सांगितली होती: तळघरात डझनभर खलाशी आहेत, फुटलेल्या स्पॅनिश जहाजावरचे, पुढच्या शिकारींसाठी तयार होत असलेले. जनरल गेला, त्यांच्यावर धाक ठेवणारा नोकर इव्हानही रेन्सफर्डच्या सापळ्यात मेला. मग त्या डझनभरांचं काय झालं? कॉनेल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि बिछान्यावर पहुडलेल्या रेन्सफर्डलाही ते आठवलेले दिसत नाहीत.