पऱ्हाटीच्या पानातले काळे ठिपके

यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरातलं हे पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, पान उन्हासमोर धरलंय. बारीक काळे ठिपके दिसतात ना? रोग नाही तो. प्रत्येक ठिपका ही एक ग्रंथी, आणि तिच्यात भरलंय गॉसिपॉल, पऱ्हाटीने स्वतःच तयार केलेलं विष. बोंडात आणि सरकीतही ते असतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत बिनठिपक्यांचा कापूस तयार केला, तर एरवी कापसाला तोंड न लावणारे किडेही त्यावर तुटून पडले.

आता ही अळी बघा, पानाची कड कुरतडतेय. पान फाटलं, अळीची लाळ लागली, की काही मिनिटांत पेशींमध्ये जास्मोनिक आम्ल वाढू लागतं. पुढचं कॅमेऱ्यात येत नाही, पण सगळी करामत तिथेच आहे. बचावाची जनुकं झाडात कायम असतात, फक्त कुलूपबंद. ती चालू करणारं प्रथिन म्हणजे एमवायसी-२. त्याला जॅझ नावाची प्रथिनं दाबून ठेवतात. जास्मोनिक आम्लाचा निरोप पोचला की पेशी या जॅझचाच फडशा पाडते. एमवायसी-२ मोकळं होतं, जनुकं कामाला लागतात, कोवळ्या पानांत गॉसिपॉल वाढतं. मग ते सदोदित चालू का नाही? कारण विष करायला जी साखर खर्ची पडते, तीच बोंड पोसायलाही लागते. जिवंत पेशींवर जगणारी बुरशी किंवा जिवाणू आला, तर निरोप बहुधा सॅलिसिलिक आम्लाचा असतो, आणि हे दोन निरोप पुष्कळदा एकमेकांना दाबतात.

ही चिमुकली गांधीलमाशी उगाच घिरट्या घालत नाहीये. कुरतडलेली पऱ्हाटी वेगळा वास सोडते. त्या मागावर ती येते आणि अळीच्या अंगात अंडी घालते. झाडाने बोलावलेली मदतच ही! सरसकट फवारणीत तीही मरते.

२०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

बीटी कापसात बाहेरून घातलेलं अळीनाशक जनुक मूळचं जिवाणूचं. ते अळी असो-नसो, चालूच राहतं. गुलाबी बोंडअळीने त्यालाही पचवलं. ही डोमकळी, म्हणजे नीट न उमललेलं फूल, तिचीच करणी.

आणि हा देशी कापूस. पानं आकसवणारा जो विषाणू उत्तर भारतात अमेरिकन कापसाला छळतो, तो याला लागत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने याचे वाण काढले, त्यातलंच एक एकेए-७. पण धागा आखूड आणि जाड, म्हणून गिरण्यांनी देशी कापूस मागे सारला.