जाहिरात येण्याआधी कागद तयार हवेत

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

बठ्ठासले राम राम!

मी अमळनेर तालुक्यातली. बोरी नदीकाठच्या आमच्या गावातल्या वाचनालयाची खजिनदार म्हणून बरीच वर्षं वह्या सांभाळते आहे. सध्या इथे इंग्लंडमध्ये लेकीकडे आले आहे. मागच्या रविवारी इथल्याच एका भाऊंनी विचारलं, "काकू, गावासाठी काही करायचं तर पैसे कुठे पाठवू?" उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. म्हणून आज अध्यक्षांनी बोलायला सांगितल्यावर हाच विषय घेतला.

आधी आमच्यावर गुदरलेलं सांगते. चार-पाच वर्षांपूर्वी एका कंपनीचे अधिकारी वाचनालय बघायला आले. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावे लागतात. त्यालाच सगळे सीएसआर म्हणतात. आमची मुलं ओसरीत बसून पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. साहेबांना ते आवडलं. जाताना म्हणाले, "कागद पाठवा, या वर्षातच काम करू."

आम्ही धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल-१ चा उतारा, म्हणजे संस्थेची आणि विश्वस्तांची सरकारी नोंद, काढली. त्यावर अकरा विश्वस्त, आणि त्यातले चार केव्हाच देवाघरी गेलेले. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. आम्ही सतरा वर्षं केलाच नव्हता. कागदावर संस्था चार दिवंगत माणसं चालवत होती, आणि जी माणसं रोज कुलूप उघडत होती त्यांचं नाव कुठेच नव्हतं. ते निस्तरायला चौदा महिने गेले. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपलं, निधी दुसऱ्या तालुक्यात गेला. ओसरीतल्या ज्या मुलांना मी "टेबलं येणार" म्हणून सांगितलं होतं, त्यातली दोन त्या वर्षी अभ्यास सोडून सुरतेला कामाला गेली. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

तेव्हापासून आजूबाजूच्या मंडळांचे, बचत गटांचे, भजनी मंडळांचे कागद मी बघत आले. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, अडचण तीच. काम असतं, माणसं असतात, आणि निधीसाठी अर्ज मागवणारी जाहिरात आली की पंधरा दिवस मुदत असते. त्या पंधरा दिवसांत संस्थेला आयकरात सूट देणारी १२अ नोंदणी होत नाही, देणगीदाराला सूट देणारी ८०जी होत नाही, तीन वर्षांचं ऑडिट तर होतच नाही. सीएसआरचा पैसा हवा असेल तर या दोन्ही नोंदण्या लागतात, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो, आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून क्रमांकही घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी हवी. सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या कायद्यानुसार राज्याचं अनुदान मिळतं, पण शासनमान्यता असेल आणि अ, ब, क, ड यातला वर्ग मिळालेला असेल तरच. यातलं एकही काम अवघड नाही. प्रत्येकाला वेळ लागतो, एवढंच.

आता अर्जाबद्दल. आमच्या पहिल्या अर्जात लिहिलं होतं, "वाचनालयाच्या सर्वांगीण विकासासाठी पाच लाख रुपये मिळावेत." वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? दुसऱ्या वेळी आम्ही आठवडाभर वही घेऊन दारात बसलो. संध्याकाळी किती मुलं येतात, त्यात मुली किती, वीज किती वेळा जाते, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी कोणी बसतं का, सगळं टिपलं. मग लिहिलं: बारा टेबलं, चोवीस खुर्च्या, एक सोलर इन्व्हर्टर, चार पंखे. वाचनालय रात्री दहापर्यंत उघडं राहील. मुली सात वाजता घरी जातात, म्हणून त्यांच्यासाठी सकाळी सहा ते नऊ वेगळी वेळ. प्रत्येक वस्तूची तीन दरपत्रकं जोडली. खोली ग्रामपंचायतीची, रंगकाम पोरं स्वतः करणार, त्याचीही किंमत धरून "संस्थेचा वाटा" म्हणून दाखवली. मागणी पाच लाखांवरून बरीच खाली आली, आणि मंजूर झाली.

देणाऱ्याला आणखी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे संस्था कोण चालवतं. निर्णय कोण घेतं, हिशेब कोणाकडे, एखादा माणूस उठून गेला तर पुढे काय? हे विचारलं की आपली माणसं गोंधळतात. गोंधळायचं खरं तर कारण नाही. धुळ्याकडे पांझरा नदीवर शेकडो वर्षं फड पद्धत, म्हणजे शेताचं पाणी मिळून वाटून घ्यायची रीत, चालली. बंधारा सगळ्यांचा, एका फडात एकच पीक, पाटकरी सगळ्यांना ठरल्याप्रमाणे पाणी देणार, दुरुस्तीचा खर्च ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होती. मी गटांना सांगते, फडाचं जसं समजावून सांगाल, तसंच तुमच्या मंडळाचं लिहा. साक्री तालुक्यातलं बारीपाडा गावही आठवा. तिथल्या चैत्राम पवारांना पद्मश्री २०२५ मध्ये जाहीर झाली, पण गावाने जंगल राखायचे नियम त्याआधी कितीतरी वर्षं स्वतः ठरवून पाळले होते. कोणी पैसे दिले नव्हते तेव्हा तुम्ही काय केलं, हे अर्जात सगळ्यात आधी यायला हवं.

पैसे आल्यावरचं काम थोडक्यात सांगते. पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, असं उपयोगिता प्रमाणपत्र सीए देतो ते पावत्या बघून. गवंडी बिल देत नाही, टँकरवाला देत नाही. मग व्हाउचर करायचं, त्यावर त्याची सही किंवा अंगठा, तारीख, कामाचं नाव. त्याच दिवशी. आठवड्याने तो माणूस उसतोडीला गेलेला असतो.

आता भाऊंच्या प्रश्नाकडे येते. पैसे कुठे पाठवायचे, याच्या आधी तुमच्याकडे पासपोर्ट कोणता, हे बघा. भारताचा पासपोर्ट असेल, तर परदेशात राहूनही स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेली देणगी परकीय निधी धरली जात नाही. गावच्या नोंदणीकृत संस्थेला ती थेट देता येते. इथलं नागरिकत्व घेतलं असेल, हातात परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड असलं तरी, तुमचा पैसा परकीय निधी ठरतो. तो घ्यायला त्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावे लागतात. आपल्या मंडळाने इथे गोळा केलेला निधीही त्यातच मोडतो. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. आमच्यासारख्या वाचनालयाला ते झेपत नाही. मोठ्या संस्थेने घेऊन लहानीला द्यावं, तर २०२० च्या दुरुस्तीने तीही वाट बंद केली. "अध्यक्षांच्या खात्यात टाका, मावशीच्या खात्यातून वळवा," असा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. तुम्हाला कोणी विचारणार नाही, पण गावातली संस्था त्यात कायमची अडकते.

हे ऐकून ज्यांना वाईट वाटलं, त्यांच्याकडे माझं खरं मागणं आहे. तुम्ही इथे रोज नियम वाचता, वेळापत्रकं आखता, इंग्रजीत अहवाल लिहिता. आमच्याकडे नेमकी तीच माणसं कमी आहेत. एका गटाला एका माणसाने महिन्यातून दोन तास द्यावेत. व्हिडिओ कॉलवर उतारा बघावा, चेंज रिपोर्ट झाला का विचारावं, ऑडिटची आठवण करावी, जाहिरात आली की निकष वाचून आम्हाला मराठीत सांगावेत. भारतात तुमच्या कंपनीचं कार्यालय असेल, तर तिथला सीएसआर कोण बघतं, एवढं जरी काढून दिलंत तरी खूप झालं.

जाता जाता मंडळासाठीही एक. इंग्लंडमध्ये लॉटरीच्या निधीतून लहान गटांना ३०० ते २०,००० पाउंडांपर्यंत मदत मिळते. लेकीने मला त्याचे नियम वाचून दाखवले. त्यात बँक खात्यावर नातं नसलेल्या दोघांची मंजुरी लागते. आमच्या बचत गटात नवरा-बायकोच्या सह्या बघून मी नेमकी हीच तक्रार करते. इथल्या मराठी शाळेसाठी आणि ज्येष्ठांच्या गटासाठी तुम्ही अर्ज जरूर करा.

पिशवीत मी तीन गटांचे कागद आणले आहेत, त्यांना विचारूनच. शिरपूरकडच्या महिला गटाची घटना, म्हणजे नियमावली, जुनी आहे, ती तपासायची आहे. नंदुरबारच्या मिरची वाळवणाऱ्या बायांना ड्रायरसाठी अंदाजपत्रक करून हवं आहे. पारोळ्याच्या व्यायामशाळेचं तीन वर्षांचं ऑडिट राहिलं आहे, त्यांना धीर देणारा कोणी हवा. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या झाल्या की मी त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसणार आहे. चष्मा घेऊन या.